हुजूरबाबा

सूप पाखडता पाखडता पद्माबाईंचा हात थांबला आणि सुपातली ज्वारी घरंगळून खाली सांडली. समोर कडुलिंबाखालच्या बाजेवर डॉक्टर संपतरावांनी आपली पेटी उघडली होती. पेटीतल्या मखमलीवरून एकेक वस्तू उचलून ते पांढऱ्या फडक्यावर मांडत होते. नुकतीच मांडलेली वस्तू म्हणजे एक मुंडकं होतं. मुठीएवढं. डोक्याला पागोटं, खाली लांब दाढी, डोळे अर्धवट मिटलेले.

पद्माबाईंनी ते मुंडकं ओळखलं. म्हणजे हे ते नव्हतं. ते तर आत स्वयंपाकघरात, उतरंडीच्या अगदी तळच्या मडक्यात, अंबाडीच्या बियांखाली फडक्यात गुंडाळून पडलं होतं. पण हे त्याचं सख्खं भावंड होतं यात काही शंका नव्हती. तेच पागोटं, तसेच मिटायला आलेले डोळे. 

"ज्वारी सांडली की," ओट्यावर बसलेले सोनाजी म्हणाले.

"सांडू द्या," पद्माबाई म्हणाल्या, आणि खाली वाकून एकेक दाणा वेचू लागल्या. वेचताना चेहरा कुणाला दिसत नाही, हे एक बरं होतं.

डॉक्टर संपतराव माणसांचे नव्हे, जनावरांचे डॉक्टर. हिंगोलीच्या दवाखान्यातून दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. मागच्या दुष्काळात सोनाजींचा तांबडा बैल त्यांनी पार गेल्यातून परत आणला होता, त्यामुळे या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. निवृत्त झालेली माणसं एरवी देवळं बांधतात किंवा भावकीशी भांडणं उकरून काढतात. डॉक्टरांना यातलं काहीच जमलं नाही. त्यांनी भंगाराच्या दुकानांतून आणि लोकांच्या माळ्यांवरून या असल्या वस्तू धुंडाळायला सुरुवात केली, आणि आता तर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"ही सगळी हिंगोलीतच सापडली," ते सांगत होते. "इंग्रजांची छावणी होती ना, तेव्हाची. साहेब लोक गेले, वस्तू राहिल्या. हा एक तर बाबूसिंगच्या हॉटेलात होता. त्यानं यात उदबत्त्या खोचल्या होत्या, बोला."

"ह्याला म्हनायचं काय पन?" सोनाजींनी विचारलं.

"पाईप. विलायती चिलीम म्हणा ना. या पागोट्यात तंबाखू भरायची, वरून पेटवायची. इथं मानेत भोक आहे बघा, तिथं नळी बसवायची आणि ओढायची."

पद्माबाईंच्या हातातले दाणे पुन्हा खाली पडले.

चिलीम. त्यांनी तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. सासऱ्यांनी, ग्यानोबांनी, हयातभर जे देवळीत पुजलं, ज्याच्यासमोर लग्न होऊन आल्या दिवशी त्यांनी स्वतः डोकं टेकलं, तो हुजूरबाबा म्हणजे साहेबाची चिलीम? या माणसाला काहीतरी भ्रम झाला असेल, असं त्यांना आधी वाटलं. म्हातारपणी होतो. मग त्यांनी पागोट्याकडे पुन्हा पाहिलं. पागोट्याला वरून भोक होतं. हुजूरबाबालाही होतं.

हुजूरबाबा हा या एकाच घराचा देव होता. गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि त्याचं करणंही जगावेगळं. त्याला शेंदूर चालत नसे. पाण्याचा थेंब चालत नसे. उघड्या हाताने त्याला शिवायचं नाही, फडक्यातच धरायचं. वर्षातून एकदा मेण लावून मऊ कापडानं चोळायचं. नैवेद्य म्हणाल तर फक्त तंबाखू. दर अमावास्येला ग्यानोबा अंघोळ करून त्याच्या पागोट्यात तंबाखू भरत, अंगठ्याने हळूहळू दाबत, आणि मग हाक मारत. सुनेने चुलीतला विस्तव चिमट्यात धरून न्यायचा आणि वर ठेवायचा. मग धूर सरेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी हात जोडून, खाली बघत, उभं राहायचं. बसायचं नाही, बोलायचं नाही. नव्या नवरीच्या घाबरेपणात पद्माबाईंच्या हातून विस्तव एकदा मनगटावर पडला होता. त्याचा डाग अजून होता.

मग छप्पन साल आलं. दीक्षेचा वारा गावोगाव पोचला, आणि या गावात तो सोनाजींनी आणला. ते रात्रंदिवस घरोघर हिंडले, लोकांना समजावलं, आणि एके दिवशी सगळ्यांचे देव एका टोपल्यात गोळा करून गाडीत घातले. मालनबाईनं आपल्या मरीआईचा टाक मुठीत घट्ट धरून ठेवला होता. सोनाजींनीच तिची बोटं एकेक करून, न रागावता, सोडवली. सगळा गाव गाडीमागे पूर्णेच्या डोहावर गेला. आता त्या डोहावर सिद्धेश्वर धरणाचं पाणी आहे.

देव बुडाले. पितळेचे बुडाले, दगडाचे बुडाले, चांदीचे टाक चकाकत खाली गेले. लोक सोनाजींचं बोलणं ऐकत होते. पद्माबाई जरा खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी काहीतरी येऊन लागलं. पाहतात तो हुजूरबाबा. पागोटं वर, दाढी पाण्यात, संथ तरंगत आलेला.

त्यांनी त्याला ओटीत घेतलं. अजूनही कुणी विचारलं असतं तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की दीक्षा त्यांनी पुऱ्या मनाने घेतली होती. त्या दिवसानंतर एक उपास नाही, एक नवस नाही, ना कुणाच्या अंगाऱ्याला कपाळ लावलं. हुजूरबाबापुढेही त्यांनी पुन्हा कधी हात जोडले नाहीत. पण जे बुडायला तयार नाही, आपण होऊन पायाशी आलं, ते पुन्हा लोटायचं कसं, एवढंच त्यांना समजलं नव्हतं. म्हणून घरी आणून उतरंडीत ठेवलं. उतरंडीला पुरुषाचा हात लागत नाही.

तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला होता. सोनाजी आता पंचक्रोशीत भाषणाला जात. लोक आदराने त्यांना पुढे बसवत. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, ज्याने गावाचे देव बुडवले त्याच्याच घरात, एक देव शिल्लक होता. हे कळलं तर मालनबाई काय म्हणेल, याची पद्माबाईंना भीती होतीच. पण सोनाजी काय म्हणतील, याची त्याहून मोठी. ते ओरडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. ते नुसते बघतील, आणि त्यानंतर आपल्याकडे पूर्वीसारखं कधीच बघणार नाहीत.

"सोनाजीराव, मी एका कामाने आलोय," बाजेवरून डॉक्टर म्हणाले. "हिंगोलीत नर्मदाबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिचा आजा साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. ती म्हणाली, त्या बंगल्यावर साहेबाचे पाईप भरायला एक वेगळा माणूस होता. शिरड शहापूरचा, म्हणजे तुमच्याच गावचा. कोंडीबा नावाचा."

"माझा पंजा, आज्याचा बाप," सोनाजी म्हणाले. "छावनीत चाकरीला व्हता एवढं ऐकून हाये."

"तोच! साहेब जाताना त्यानं एक पाईप कोंडीबाला दिला म्हणे. ह्याच्यासारखाच, मुंडक्याचा. तुमच्या घरात असं काही..."



"आमच्याकडं तसलं काही न्हाई," सोनाजी म्हणाले. त्यांनी बिडीचं थोटूक ओट्याच्या दगडावर विझवलं. "असतं तर दिसलं असतं की."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण छंदिष्ट माणसाला ऐकणारे मिळाले की तो निराशाही विसरतो. त्यांनी ते मुंडकं रुमालात धरून उचललं आणि कौतुकाने फिरवू लागले.

"ह्या दगडाला मीरशॉम म्हणतात. समुद्राचा फेस, असा अर्थ आहे. मुळात पांढराशुभ्र. जसजशी तंबाखू ओढाल तसतसा आतून रंग चढतो. आधी तुपासारखा, मग मधासारखा, खूप वर्षं ओढला तर गुळासारखा. पण सांभाळावं लागतं हो. उघड्या हाताने धरायचा नाही, डाग पडतात. पाण्यानं धुवायचा नाही. वर्षातून एकदा मेण द्यायचं."

दाणे वेचणं थांबवून पद्माबाई सरळ उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या सासूने आल्या आल्या शिकवलेले देवाचे नेम हा माणूस एकामागून एक म्हणून दाखवत होता. एकही न चुकता.

"अन् त्यो भरनारा मानूस," त्यांनी विचारलं.  "त्यो काय करायचा?"

"कोंडीबा? तो तंबाखू भरायचा, अंगठ्याने दाबायचा, विस्तव ठेवायचा. मग साहेबाचं ओढून होईपर्यंत समोर हात जोडून उभं राहायचं. मान वर करायची नाही. हुजूर काय म्हणतील ते ऐकायचं."

हुजूर.

पद्माबाईंनी दाराची चौकट धरली.  चार पिढ्या या घरातली माणसं देवासमोर उभी नव्हती. ती साहेबाच्या खुर्चीसमोर उभी होती. खुर्ची रिकामी झाली, साहेब बोटीत बसून मायदेशी गेला, कोंडीबा मातीत गेला, आणि तरी त्याचा लेक, नातू, पणतसून दर अमावास्येला हात जोडून उभे राहतच होते, चाकरी करत होते. आणि मनगटावरचा तो डाग. तो देवाचा म्हणून त्यांनी कधी कुरकुर केली नव्हती.

त्यांनी सोनाजींकडे पाहिलं. सोनाजी नवी बिडी पेटवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

पण एक गोष्ट अजून उरली होती, आणि पद्माबाई तिला धरून उभ्या होत्या. तो तरंगला होता. सगळे बुडाले आणि तो तरंगला. साहेबाची वस्तू का असेना, आपल्याकडे आला होता.

"लई जड असंल न्हाई ह्यो दगुड?" त्या म्हणाल्या.

"जड?" डॉक्टर खुश झाले. असा प्रश्न त्यांना फार दिवसांत कुणी विचारला नसावा. "अहो बाई, गंमत दाखवतो." त्यांनी पेटीच्या कोपऱ्यातून एक फुटकं, कोरं मुंडकं काढलं, पागोट्याचा अर्धा तुकडा उडालेलं. "हा टाकाऊ आहे, याला पाणी लागलं तरी हरकत नाही." दाराजवळ पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. डॉक्टरांनी मुंडकं त्यात सोडलं.

ते बुडालं, पुन्हा वर आलं, आणि पाण्यावर स्वस्थ डुलत राहिलं.

"हे सगळेच तरंगतात," डॉक्टर म्हणाले. "जातच तशी आहे त्यांची."

पद्माबाई बराच वेळ बादलीत बघत राहिल्या. मग त्या वळल्या आणि घरात गेल्या.

आतून मडकी खाली ठेवल्याचे आवाज येऊ लागले. एक, त्यावरचं दुसरं, मग आणखी. एक फुटल्याचाही आवाज आला. डॉक्टरांनी प्रश्नार्थक नजरेने सोनाजींकडे पाहिलं. सोनाजींची बिडी तोंडाजवळ तशीच थांबली होती, पण ते उठले नाहीत.

पद्माबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातांना अंबाडीचं बी चिकटलेलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर फडक्याची गाठ सोडली. भीती, लाज, जे काही इतकी वर्षं उरात होतं, त्याचा आता नुसता संताप झाला होता. एका चिलमीपायी! एका चिलमीपायी त्यांनी झोपा घालवल्या होत्या. मांजराने मडकं हलवलं तरी त्या दचकून उठत होत्या.

"हे घ्या," त्या सोनाजींना म्हणाल्या. "तुमचा हुजूरबाबा. म्या ठिवला व्हता. डोहात बुडाला न्हाई, माह्या पायाशी आला, म्हनून ठिवला. पूजा केली न्हाई, शपथ घेऊन सांगते. पन ठिवला. आता काय बोलायचं ते बोला." आणि त्यांनी ते मुंडकं बादलीवर धरलं. "हे बी तरंगतंय का बघते. सगळेच तरंगत्यात म्हनं."

"पाण्यात नको!"

हे दोघेही ओरडले. पण डॉक्टरांच्या आधी सोनाजी ओरडले होते.

पद्माबाईंचा हात हवेतच राहिला. डॉक्टरांनी झेप घेऊन रुमालात ते मुंडकं अलगद घेतलं आणि उन्हात धरलं.   त्यांच्या पेटीतल्या मुंडक्याचा रंग कसाबसा मधापर्यंत पोचला होता. हे मात्र नव्या गुळासारखं झालं होतं, दाढीच्या टोकापासून पागोट्याच्या घड्यांपर्यंत, आणि उन्हात आतून उजळल्यासारखं दिसत होतं.

तो रंग पाहून पद्माबाईसुद्धा चक्रावल्या. कितीतरी वर्षांत त्यांनी फडकं सोडलं नव्हतं. अंधारात वरूनच चाचपायच्या आणि बी पुन्हा लोटायच्या. त्यांना आठवत होता तो हुजूरबाबा तुपासारखा पिवळट होता. मडक्यात पडल्या पडल्या हा एवढा काळवंडला कसा?

"असा मी पुस्तकात सुद्धा पाहिला नाही," डॉक्टर पुटपुटले. त्यांनी तो पालथा केला, तळहातावर हळूच ठोकला. पागोट्यातून थोडी काळी राख पडली, तिच्यात तंबाखूची एक न जळलेली काडी. डॉक्टरांनी नाक जवळ नेलं. मग मानेच्या भोकात करंगळी घालून पाहिली. करंगळीला ओलसर, तेलकट काळं लागलं.

"वा! म्हणजे तुम्ही वापरात ठेवलाय," ते निर्मळपणे म्हणाले. "उगीच नाही हा रंग. अगदी परवा-तेरवा ओढलेला दिसतोय."

 लिंबावर एक कावळा बसला होता, तो उडून गेला.

"आमच्या घरात कोन वढनार?" पद्माबाई म्हणाल्या. "हाये कोन घरात? लेक नांदेडला नोकरीवर. म्या अन्..."

वाक्य तिथेच राहिलं. मागच्या बाजाराच्या दिवशी त्या जवळा बाजार या गावाहून लवकर परतल्या होत्या, कुणाच्या तरी बैलगाडीत जागा मिळाली म्हणून. सोनाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून खोकत होते. चूल धुपली, म्हणाले. चूल तर विझलेली होती. तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

सोनाजी ओट्यावरून उठले. त्यांनी बिडी टाकून दिली, हात वर केला आणि वळचणीत खोचलेली वेळूची एक बारीक नळी काढली. ती नळी पद्माबाई रोज बघत होत्या. बैलाला औषध पाजायची असेल म्हणून तिला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तिचं एक टोक काळं पडलं होतं.

"कवापासून?" पद्माबाईंनी विचारलं.

"धरनाच्या कामावर व्हतो तवापासून." सोनाजी नळीकडे बघत बोलत होते. "तू पोरीच्या बाळंतपनाला गेली व्हतीस. घरात मिरची गावंना. शोधता शोधता मडकी उतरवली. फडकं सोडलं अन् बघतो तं ह्यो. लई राग आला. दगडानं ठेचावा म्हनलं."

"मंग?"

"मंग तुजी गाठ बघितली. माझ्या बाच्या, आबाच्या धोतराचं फडकं व्हतं. ठेचवंना." त्यांनी नळी या हातातून त्या हातात घेतली. "दुसऱ्या दिशी कामावर गेलो. थितं एक इंजिनेर सायब व्हता, तोंडात असंच धरून धूर सोडायचा. मला येकदम उजेड पडला. आमी इतके दिस कुनाला हात जोडून राहिलो, ते कळलं. मातीची पाटी डोक्यावर व्हती, तशीच खाली पडली बघ. मुकादमानं शिव्या घातल्या."

"अन् मला सांगितलं काहून न्हाई?"

"वाट बघून राहिलो. आज सांगशील, उद्या सांगशील."

"मी वाट बघून राहिले तुमाला कळल म्हनून! दरवाजा वाजला तरी जीव जायचा माझा." त्यांचा आवाज चिरकला. "तुमाला सगळं ठावं व्हतं अन् मला तसंच भेत ठिवलं? येवढी वर्सं? ह्यो कोनता न्याव झाला?"

सोनाजींची मान खाली गेली.  ते म्हणाले, "चुकलं माझं. पन येक सांगू? माझ्या पंजानं भरली, आज्यानं भरली, आबानं भरली. वढली मात्र कुनीच न्हाई. समद्यांनी नुस्ती भरली अन् उभे ऱ्हायले. म्हनलं आपन बसून वढायची. तू बाजारला गेलीस का मी ह्या बाजंवर बसायचो, पाय वर घिऊन, अन् वढायचो. येका झुरक्याला येकाचं नाव घ्यायचो. कोंडीबा. मंग आजा. मंग आबा."

डॉक्टर रुमालात मुंडकं धरून उभे होते. त्यांना इथून निघून जावंसं वाटत होतं, आणि हातातलं खाली ठेवायला मनही होत नव्हतं. "सोनाजीराव," ते अवघडून म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते मी द्यायला तयार आहे. पण हा आता ओढू नका हो. फार जुनी वस्तू आहे. तडा गेला तर पुन्हा मिळायची नाही. मी माझा एकही कधी पेटवलेला नाही."

पण पद्माबाई ऐकत नव्हत्या. त्या आपल्या मनगटाकडे बघत होत्या.

"पंजाचं घेतलं, आज्याचं घेतलं, आबाचं घेतलं," त्या म्हणाल्या. "अन् इस्तू कोन आनत व्हतं?"

सोनाजींनी वर पाहिलं. ते काय चुकले हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं.

पद्माबाईंनी पदर खोचला, पुढे झाल्या आणि बाजेवर बसल्या. पाहुण्यांदेखत बाजेवर बसण्याची त्यांची ही पहिली वेळ होती. डॉक्टरांनी घाईघाईने आपली पेटी बाजूला ओढली. पद्माबाईंनी दोन्ही पाय वर घेतले, मांडी ठोकली, आणि कमरेची चंची सोडून सोनाजींकडे फेकली.

"भरा," त्या म्हणाल्या.

"अहो बाई..." डॉक्टर म्हणाले.

"वढायसाठीच केलीया न्हवं ती? द्या त्यांच्याजवळ."

डॉक्टरांनी दिली. का दिली, ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं.

सोनाजींनी चंचीतली तंबाखू चिमटीने पागोट्यात भरली आणि अंगठ्याने दाबली. हात सराईत होता, ग्यानोबांसारखाच. वेळूची नळी मानेत बसवली. मग ते घरात गेले. चुलीजवळ चिमटा शोधायला त्यांना वेळ लागला, आणि फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या पायाखाली वाजल्या. ते विस्तव घेऊन आले, वाकले, आणि जपून वर ठेवला.

पद्माबाईंनी नळी तोंडाला लावली. पहिला झुरका घशातच अडकला आणि त्या खोकून खोकून लालबुंद झाल्या. डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच खोकल्याचं नव्हतं. दुसरा झुरका त्यांनी दमाने घेतला. धूर पागोट्यावरून वर गेला, लिंबाच्या पानांत शिरला. कुणाचं नाव घ्यावं, हे त्यांना सुचत नव्हतं. मग सासू आठवली, तिच्याही मनगटावर असेच डाग होते, एकाहून जास्त. त्यांनी तिचं नाव घेतलं, मनातल्या मनात. पंचफुला. त्या नावाने तिला घरात कधी कुणी हाक मारल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या झुरक्याला त्यांनी डोळे उघडले. समोर सोनाजी उभे होते. चिमटा खाली ठेवलेला, मान झुकलेली, आणि दोन्ही हात छातीशी जोडलेले. लहानपणापासून विस्तव ठेवल्यावर जसे उभे राहत आले तसेच. त्यांचं त्यांना कळलंही नव्हतं.

पद्माबाईंनी नळी तोंडातून काढली.

"हात सोडा," त्या म्हणाल्या.

सोनाजींनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"सोडा म्हनलं की. अन् बसा हितं."

सोनाजी बाजेच्या कडेला बसले. पद्माबाईंनी चिलीम फडक्यात धरून त्यांच्यापुढे केली. बाजेपलीकडे उभ्या असलेल्या डॉक्टरांनीही, कुणाच्या लक्षात यायच्या आत, आपले जोडलेले हात सोडले आणि खिशात घातले.